प्रबंधाचे पुस्तक करताना: नागपूरच्या इतिहास-प्राध्यापकांसाठी कामाचा क्रम

इतिहासाच्या प्रबंधाचे पुस्तक करताना सर्वांत जास्त नुकसान होते ते चुकीच्या क्रमाने. आधी मुखपृष्ठ ठरते. मग प्रस्तावना कुणाची घ्यायची यावर चर्चा होते. मग प्रबंधाची फाइल डीटीपीवाल्याकडे जाते आणि टीपा तपासायच्या राहिल्या आहेत हे दुसऱ्या प्रुफावर लक्षात येते. तोवर नोंदवह्या कपाटाच्या तळाशी गेलेल्या असतात आणि ज्या फाइलीचा क्रमांक अर्धवट लिहिला होता ती पुन्हा मागवायला वेळ नसतो. पुस्तक निघते, सेवापुस्तिकेत नोंद होते, पण पुढचा संशोधक त्यातली एकही टीप धरून मूळ कागदापर्यंत पोचू शकत नाही.

घाईचे कारण उघड आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० आणि आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण आहेत, आणि पदोन्नतीची तारीख कुणासाठी थांबत नाही. तरीही खालचा क्रम पाळला तर एकूण वेळ कमीच लागतो, कारण एकच काम तीनदा करावे लागत नाही.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रबंध धरू: ‘नागपूर जिल्ह्यातील मालगुजारी पद्धत: एक ऐतिहासिक अभ्यास’. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा. विषय आपल्या भागातला आहे, आणि प्रबंधाचे पुस्तक होताना जे जे बिघडते ते सगळे या एका उदाहरणात दाखवता येते.

## टप्पा १: मजकुराला हात लावण्यापूर्वीची तयारी

प्रबंधाची मूळ फाइल बाजूला ठेवा आणि तिची प्रत करून त्या प्रतीवरच काम करा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा आणि नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांना दिलेली’ अशी नावे असली की दोन महिन्यांनी कोणती खरी ते कळत नाही.

प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर तो आताच युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द फाइलीत शोधून पाहा. त्याची दोन-तीन निरनिराळी रूपे सापडली, तर संपूर्ण मजकूर छापील प्रबंधाशी ताडून वाचावाच लागेल.

मग सर्व साधने एका ठिकाणी गोळा करा: नोंदवह्या, झेरॉक्स, मोबाइलवरचे फोटो. फोटोंना नावे द्या. कोणत्या संस्थेचा, कोणत्या फाइलीचा, कोणत्या पानाचा फोटो आहे हे नावातच दिसले पाहिजे.

तपासणी: प्रबंधातली कोणतीही पाच पाने उघडा आणि त्यांवरच्या प्रत्येक टीपेचा मूळ पुरावा दहा मिनिटांत हाती येतो का पाहा. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पुस्तकाचे म्हणणे चार ओळींत लिहा

प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. आपण सर्व वाचले आहे, सर्व पाहिले आहे, हे त्यात दाखवावे लागते. पुस्तकाचा वाचक मात्र विचारतो की तुम्हाला नवे काय सापडले. म्हणून ‘एक ऐतिहासिक अभ्यास’ हे शब्द पुस्तकाच्या नावातून काढून टाका. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

आपल्या उदाहरणात म्हणणे असे लिहिता येईल: नागपूरकर भोसल्यांच्या काळात गावाचा पटेल हा सरकारसाठी वसूल करणारा होता. १८५४मध्ये राज्य खालसा झाल्यावर, १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात (जमिनीचा महसूल आणि हक्क ठरवण्याच्या सरकारी कामात) त्याला मालगुजार म्हणून गावाची मालकी मिळाली. ही मालकी ३१ मार्च १९५१ला कायद्याने संपली. या सुमारे नव्वद वर्षांत गावातले तळे, जंगल आणि पडीक जमीन यांवर हुकूम कुणाचा चालायचा, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

एवढे लिहिल्यावर कोणते प्रकरण लागते आणि कोणते नको ते आपोआप दिसू लागते. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, प्रबंधात परिशिष्टात पडलेले असतील तर ते मधल्या प्रकरणात येतील. उलट ‘नागपूर जिल्ह्याचा भौगोलिक व ऐतिहासिक परिचय’ हे चाळीस पानांचे पहिले प्रकरण बहुतेक सगळे जाईल. वाकाटकांपासून गोंड राजा बख्त बुलंदपर्यंत आणि तिथून पहिल्या रघूजी भोसल्यांपर्यंतचा प्रवास विदर्भातल्या जवळपास प्रत्येक प्रबंधात असतो. वाचकाने तो आधी वाचलेला असतो.

सावधान: या चार ओळी मार्गदर्शकांना दाखवण्याआधी विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या. मराठीच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला त्या कळल्या नाहीत तर अडचण तुमच्या ओळींत आहे.

## टप्पा ३: प्रकरणे हलवण्याआधी टीपा बांधून घ्या

या टप्प्यासाठी तुमची सगळी सुट्टी खर्ची पडली तरी चालेल. हाच टप्पा लोक सर्वाधिक टाळतात आणि यातूनच सर्वाधिक चुका छापल्या जातात.

प्रबंधात टीपांमध्ये ‘तत्रैव’ (लगेच वरच्या टीपेतलाच ग्रंथ) आणि ‘पूर्वोक्त’ (आधी कुठेतरी सांगितलेला ग्रंथ) यांची रांग असते. समजा, भोसलेकालीन पटेलांविषयी नागपूरचा इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या १८२७च्या अहवालाचा आधार दिला आहे आणि खालच्या तीन टीपांत नुसते ‘तत्रैव’ आहे. पुनर्लेखनात तुम्ही मध्ये एक परिच्छेद घातला, त्याला १८६०च्या दशकातल्या बंदोबस्त अहवालाची टीप दिली. आता खालचे तिन्ही ‘तत्रैव’ बंदोबस्त अहवालाकडे बोट दाखवतात. भोसल्यांच्या काळातले विधान इंग्रजी अमलाच्या कागदावर उभे राहिले आणि हे कुणाच्या लक्षातही आले नाही. असे पुस्तक वाचून पुढचा संशोधक तेच विधान उचलतो.

म्हणून एकही परिच्छेद हलवण्यापूर्वी प्रत्येक ‘तत्रैव’ आणि ‘पूर्वोक्त’ काढा आणि तिथे लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे छोटे नाव आणि पान घाला. कंटाळवाणे काम आहे. पण ते झाले की मजकूर कुठेही न्या, टीप सोबत जाते.

अभिलेखागारातल्या कागदांच्या टीपा या क्रमाने पूर्ण करा: संस्था, विभाग किंवा कार्यालय, फाइल अथवा रुमाल (कापडात बांधलेले दप्तर) क्रमांक, वर्ष, पत्राचा क्रमांक, पाठवणारा आणि घेणारा, तारीख, पान. ‘नागपूर अभिलेखागार, महसूल कागदपत्रे’ एवढीच टीप म्हणजे ‘नागपूरच्या महाल भागात कुठेतरी’ असा पत्ता देण्यासारखे आहे.

आपल्या भागाची एक जास्तीची अडचण लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्यामुळे जुन्या मध्य प्रांताची कागदपत्रे एका छताखाली नाहीत. काही नागपूरला आहेत, काही भोपाळला, आणि रेसिडेन्सीशी, म्हणजे भोसल्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीशी, झालेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहे. त्यातला काही भाग त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. एकाच पत्राची मूळ प्रत एका ठिकाणी आणि नक्कल दुसऱ्या ठिकाणी असू शकते. तुम्ही जी पाहिली तिचाच पत्ता द्या. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला पत्ता स्वतः पाहिल्यासारखा देऊ नका. ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

तपासणी: एखाद्या विद्यार्थ्याला दहा टीपा द्या. तुमच्या मदतीशिवाय त्याने कागद मागवण्याची चिठ्ठी भरून दाखवली की टीपा पुऱ्या झाल्या.

## टप्पा ४: मोडी कागद आणि तारखा

भोसलेकाळावर लिहिणाऱ्यांसाठी हा भाग आहे. तुमचा विषय १८५४नंतरचा आणि साधने इंग्रजी असतील तर सरळ पुढच्या टप्प्यावर जा.

मोडी लिप्यंतर आणि त्याचा अर्थ यांच्या दोन वेगळ्या फाइली करा. लिप्यंतरात कागदावर आहे तसेच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवा. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या टंकनात निश्चित होऊन बसतो आणि मग तो पुरावा म्हणून छापला जातो. संपूर्ण लिप्यंतर दुसऱ्या मोडी वाचकाकडून मूळ फोटोवरून तपासून घ्या. त्याला तुमचे लिप्यंतर आधी दाखवू नका, नाहीतर डोळा तुमचेच वाचन वाचतो.

तारखांचा गोंधळ इथे सर्वांत दाट असतो. एक उदाहरण सविस्तर पाहू.

भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला झाली. या सुमाराच्या मराठी कागदावर सालाची नोंद ‘समान अशर मयातैन व अलफ’ अशी असेल. समान म्हणजे ८, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००, बेरीज १२१८. हा शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत वापरात असलेली अरबी आकड्यांची कालगणना. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. १२१८ अधिक ५९९ म्हणजे १८१७. त्याच कागदावर शके असेल तर तो १७३९ असला पाहिजे, कारण शकात ७८ मिळवतात, आणि जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. फसली सन, म्हणजे महसुली कामाची कालगणना, असेल तर दक्षिणी पद्धतीने तो १८१७ उणे ५९०, म्हणजे १२२७ येतो. उत्तरेतला फसली याहून वेगळा चालतो. भोसल्यांचा अंमल छत्तीसगडापर्यंत होता, त्यामुळे नुसता ‘फसली’ शब्द पाहून ५९० मिळवू नका. कागदावरच्या दुसऱ्या सनाशी किंवा ज्ञात घटनेशी ताडून घ्या.

महिन्याचेही तसेच. मराठी कागद अमान्त (अमावास्येला संपणाऱ्या) महिन्याचे, तर हिंदी भागातून आलेली पत्रे बहुधा पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणाऱ्या) महिन्याची. शुद्ध पक्षात फरक पडत नाही. वद्य पक्षात मात्र महिन्याचे नाव एकाने पुढे असते: आपला श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भाद्रपद कृष्ण. हे न पाहिल्यास पत्राची तारीख सरळ एका महिन्याने चुकते आणि लढाईनंतर लिहिलेले पत्र लढाईआधी गेल्यासारखे दिसते.

पत्रात ‘छ’ हे अक्षर चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तारखेचे असते. ‘पैवस्ती’ ही पत्र पोचल्याची तारीख. पैवस्ती ही लिहिल्याची तारीख समजणे ही छापील पुस्तकांतही दिसणारी चूक आहे.

सावधान: रूपांतरित तारीख मजकुरात द्या आणि कागदावर आहे तशी मूळ मिती टीपेत ठेवा. पुढे कुणाला तुमचे रूपांतर तपासता आले पाहिजे.

## टप्पा ५: नावे आणि प्रदेश एकसारखे करा

एक छोटी नामसूची तयार करा आणि तीच शेवटपर्यंत पाळा.

भोसले घराण्यात रघूजी तीन आहेत: १७५५ला वारलेले, १८१६ला वारलेले आणि १८५३ला वारलेले. ‘रघूजींनी सनद दिली’ असे वाक्य पुस्तकात एकही राहू नये. आप्पासाहेब आणि दुसरे मुधोजी ही एकच व्यक्ती आहे. हे न सांगितल्याने त्या दोन व्यक्ती आहेत असे वाचकाला वाटते.

प्रदेशांची नावे काळाप्रमाणे बदलतात. १८६१मध्ये स्थापन झाला तो मध्य प्रांत. त्याचे भाषांतर ‘मध्य प्रदेश’ करू नका, ते नाव १९५०चे आहे. वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला १९०३मध्ये. त्यामुळे १८८० सालच्या विवेचनात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असे एकत्र लिहिणे चूक आहे. ‘विदर्भ’ हा शब्द आजच्या अकरा जिल्ह्यांसाठी वापरायचा असेल तर तसे प्रस्तावनेत एकदा स्पष्ट करा. इंग्रजी कागदांतला ‘चांदा’ आजचा चंद्रपूर. ‘काम्प्टी’ म्हणजे कामठी. अवतरणात जुने रूप राहू द्या, तुमच्या वाक्यात एकच रूप ठेवा.

## टप्पा ६: आता पुनर्लेखन

टीपा बांधल्या, तारखा पक्क्या झाल्या, नावे ठरली. इथून पुढे मजकूर मोकळेपणाने मोडा.

पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा ही प्रकरणे काढा. त्यातले खरोखर लागणारे दोन-तीन मुद्दे जिथे वाद येतो तिथे मजकुरात आणा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असलेला ‘सारांश’ काढा. शेवटच्या प्रकरणातले ‘निष्कर्ष १, २, ३’ही काढा आणि त्यांची मांडणी सलग गद्यात करा.

प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एखाद्या कागदाने, गावाने किंवा तंट्याने करून पाहा. मालगुजारीच्या पुस्तकात वाजिब-उल-अर्जमधली, म्हणजे गावाच्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्रातली, एखादी नोंद घ्या: गावाच्या तळ्याचे पाणी आधी कुणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) द्यायचे, याची. त्या एका नोंदीतून मालकी, वहिवाट आणि वजन तिन्ही दिसतात. बंदोबस्ताच्या व्याख्येने सुरू होणारे प्रकरण वाचक तिसऱ्या पानावर सोडतो.

कर्मणी प्रयोगावर लक्ष ठेवा. ‘महसूल वाढवण्यात आला’ असे वाक्य आले की थांबून विचारा, कुणी वाढवला? चीफ कमिशनरने, बंदोबस्त अधिकाऱ्याने की मालगुजाराने? पुष्कळदा उत्तर आपल्यालाच माहीत नसते आणि कर्मणी प्रयोगाने ते झाकलेले असते. अशा जागांची यादी करा आणि पुन्हा कागदांकडे जा.

लांब अवतरणे कमी करा. अर्धे पान इंग्रजी अहवाल आणि खाली त्याचे भाषांतर, असे दोन्ही नको. भाषांतर मजकुरात द्या आणि ज्या शब्दावर वाद आहे तेवढाच शब्द मूळ रूपात द्या.

तपासणी: कोणतेही प्रकरण मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा.

## टप्पा ७: परवानग्या आणि साम्य अहवाल

चित्रे आणि कागदांच्या छायाचित्रांसाठी लेखी परवानगी घ्या. संग्रहालय असो, अभिलेखागार असो की महालातल्या एखाद्या वाड्यातले खासगी दप्तर असो, ‘हो, घ्या ना’ हे तोंडी उत्तर छपाईसाठी पुरेसे नाही. भारतात स्वामित्व हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. खासगी पत्रे छापताना हा हिशेब आधी करा.

तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, असेल तर साम्य तपासणीत (मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे पाहणाऱ्या तपासणीत) तुमचाच मजकूर जुळणार, याने घाबरू नका. पण लपवूही नका: पुस्तक कोणत्या प्रबंधावर आधारित आहे, कोणत्या विद्यापीठाचा, कोणत्या वर्षाचा, हे प्रस्तावनेत आणि प्रकाशकाला पाठवलेल्या पत्रात लिहा. प्रबंध वगळून येणारे साम्य वेगळे काढा. २०१८च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे. पण एकच सबंध परिच्छेद दुसऱ्याचा असेल, तर टक्का कितीही कमी असला तरी तो काढाच.

## टप्पा ८: प्रकाशक

पूर्ण हस्तलिखित पाठवू नका. टप्पा २च्या चार ओळी, प्रकरणांची यादी, प्रत्येक प्रकरणाचा एक परिच्छेद आणि एक पूर्ण नमुना प्रकरण एवढे पुरे. बाहेरच्या तज्ज्ञाकडून हस्तलिखित तपासून घेता का, हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा, संपादन कोण करते. ज्यांना दोन्हींची उत्तरे नाहीत आणि जे थेट पानांमागे दर सांगतात, ते छपाई करून देतात. प्रकाशन करत नाहीत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ही विकत घेण्याची वस्तू नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला हे सांगा. आयएसबीएन असणे म्हणजे ग्रंथ तज्ज्ञांनी तपासला, असेही नाही.

करारात प्रतींची संख्या, मानधन, दुसऱ्या आवृत्तीचा आणि भाषांतराचा हक्क लेखी असू द्या.

## टप्पा ९: मांडणी, प्रुफे आणि शेवटी सूची

मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना टीपा गळतात किंवा त्यांचे आकडे सरकतात. म्हणून पहिल्या प्रुफावर आधी फक्त टीपांचे आकडे मोजा, प्रत्येक प्रकरणाचे. हस्तलिखितातल्या संख्येशी ते जुळल्यावरच वाचायला बसा.

दुसरे प्रुफ तारखा, आकडे आणि विशेषनामांसाठी ठेवा. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

विषय व नामसूची पृष्ठांकन कायम झाल्यावरच करा. आधी केलेली सूची एका चित्राची जागा बदलली तरी कोसळते. ऐतिहासिक व्यक्ती स्वतःच्या नावाखाली घाला, आधुनिक लेखक आडनावाखाली. ‘आप्पासाहेब पाहा मुधोजी (दुसरे)’ अशा नोंदी द्या. मराठी पुस्तकांत सूची गाळण्याची सवय पडली आहे. इतिहासाच्या पुस्तकात ती गाळू नका, कारण बहुतेक संशोधक तुमचे पुस्तक सूचीतूनच उघडणार आहेत.

पाने फर्म्याच्या, म्हणजे बहुधा १६च्या पटीत जुळवताना मुद्रक शेवटची दोन-तीन पाने वाचवायला सांगतो आणि पहिला वार संदर्भसूचीच्या अक्षरांवर होतो. त्याऐवजी ऋणनिर्देश आखडा.

तपासणी: छपाईला सोडण्यापूर्वी सूचीतल्या कोणत्याही वीस नोंदी पानांवर जाऊन पाहा.

## टप्पा १०: छापून आल्यानंतर

१९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथली ठरवून दिलेली ग्रंथालये यांना प्रत पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. पोचपावतीची प्रत मागून घ्या. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, एक विदर्भ साहित्य संघाला आणि ज्या अभिलेखागारात तुम्ही बसलात तिथल्या वाचनकक्षाला एक द्या.

स्वतःच्या प्रतीत कोरे कागद घालून ती वेगळी ठेवा. कुणी तारीख चुकल्याचे दाखवले, एखादा नवा कागद निघाला, तर त्याच दिवशी त्या पानासमोर नोंद करा आणि सांगणाऱ्याचे नावही लिहा. चूक अर्थ बदलणारी असेल तर दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहू नका. शुद्धिपत्र छापा आणि ज्या ग्रंथालयांना प्रती दिल्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन ते चिकटवून या.